मीटिंगमध्ये बोलत नाही म्हणून बढती हुकली: अंतर्मुख माणसाने स्वतःला बदलायचं का?

एका वाचक मुलीने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 28, भांडुपला आईवडील आणि धाकट्या भावाबरोबर वन बीएचकेत राहणं, अंधेरीला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. अप्रेझलमध्ये कामाबद्दल एकही तक्रार नाही, पण ‘मीटिंगमध्ये बोलत नाही, नेतृत्वगुण दिसत नाहीत’ असा शेरा आला आणि बढती मागाहून आलेल्या बोलक्या सहकाऱ्याला मिळाली. घरात लग्नाचं चाललंय, तिथे आईचा धोशा, ‘चारचौघांत मिसळायला शीक, लोक तुला शिष्ट समजतात.’ शेवटी विचारलंय, अंतर्मुख असण्याची खरंच काही ताकद असते, की ही नुसती समजूत घालायची भाषा?

ताकद असते, आणि हे मी समजूत म्हणून सांगत नाही. स्वभाव बदलायची गरज नाही. मात्र ‘माझं काम बोलेल’ या भरवशावर राहू नका. काम बोलत नाही. ते कोणीतरी मांडावं लागतं, आणि आपल्या पद्धतीने ते मांडता येतं. समुपदेशनाच्या कामात माझ्यासमोर अशी कितीतरी माणसं येऊन बसली, बँकेतली, शाळेतली, आयटीतली. हुशारी कमी पडली म्हणून मागे राहिलेलं त्यांत क्वचितच कोणी असेल. बहुतेकांचं अडतं ते हुशारी दाखवायच्या वेळेशी आणि जागेशी.

आधी एक गोष्ट तपासून घ्या. असं समजा की मीटिंगमध्ये कोणी हसणार नाही, चूक निघाली तरी कोणी लक्षात ठेवणार नाही, याची तुम्हाला लेखी हमी मिळाली. मग बोलाल? ‘हो, लगेच’ असं उत्तर आलं, तर तुम्हाला अडवते आहे ती भीती. ‘तरीही मला आधी विचार करायला वेळ लागेल, आणि प्रत्येक गोष्टीवर बोलावंसं वाटणारही नाही’ असं आलं, तर तो स्वभाव. पुष्कळांच्यात दोन्हींची सरमिसळ असते. लाजणं आणि एकांत आवडणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे चीक आणि बस या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये दाखवून दिलं. लोकांत रमायची तीव्र इच्छा असूनही ज्यांना संकोच सोडत नाही, त्यांची घुसमट सर्वांत जास्त असते.

मीटिंगच्या आदल्या रात्री झोप न लागणं, फोन वाजला की पोटात गोळा येणं, बोलावं लागेल म्हणून रजा टाकणं असं होत असेल, तर त्याला स्वभाव म्हणून गप्प बसू नका. ती सामाजिक चिंता आहे आणि तिच्यावर उत्तम उपचार आहेत. विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणाऱ्या पद्धतींनी बऱ्याच जणांना काही महिन्यांत फरक पडतो. कुठे जायचं सुचत नसेल तर 14416 या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

तुमच्या पत्रावरून मला हा प्रामुख्याने स्वभाव वाटतो, म्हणून पुढचं ते धरून लिहिते.

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी मानसशास्त्रात रूढ केली कार्ल युंग यांनी, 1921 मध्ये. पुढे हान्स आयझेंक यांनी 1967 मध्ये तिला शरीरशास्त्राची जोड द्यायचा प्रयत्न केला. अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, त्यामुळे बाहेरचा थोडासा गोंगाटही त्याला पुरे होतो, अशी त्यांची मांडणी होती. जिभेवर लिंबाचा रस टाकला की अंतर्मुखांना सरासरीने जास्त लाळ सुटते, हा त्यातून आलेला गाजलेला प्रयोग. आज संशोधकांचा भर थोडा वेगळ्या गोष्टीवर आहे: बहिर्मुख माणसाला कौतुक, नवी ओळख, यश अशा बक्षिसांची ओढ जास्त असते. पण रोजच्या अनुभवाशी ताडून पाहिलं तर जुनं निरीक्षणही पटतं. तेवढ्याच गजबजाटात एक जण फुलतो आणि दुसरा थकतो.

हे बऱ्याच अंशी जन्मजात असतं. हार्वर्डमध्ये जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज, नवे वास, हलणारी खेळणी दाखवली, तेव्हा साधारण 20 टक्के बाळं जोरात हातपाय झाडू लागली आणि रडली. पुढे मोठी होताना हीच मुलं नव्या ठिकाणी जास्त सावध, जास्त गप्प राहण्याकडे झुकली. हे तुमच्या आईंना जरूर सांगा. ‘मीच हिला लहानपणी बाहेर पाठवलं नाही’ ही बोच कितीतरी आया वर्षानुवर्षं मनात धरून असतात, आणि त्यांच्या टोचून बोलण्यामागे खरं तर तीच असते.

आता तुमचा दिवस पाहू, कारण मुंबईत हा प्रश्न वेगळा होतो. सकाळी भांडुपहून लोकल, घाटकोपरच्या पुलावरून रेटारेटीत मेट्रोपर्यंत, मग अंधेरी. गर्दीच्या वेळच्या आपल्या डब्यासाठी रेल्वेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा खास शब्दप्रयोग आहे: एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 उभी माणसं. त्यातून उतरून तुम्ही पोहोचता ते भिंती नसलेल्या ऑफिसात. तिथून परत घरी, जिथे टीव्हीवर मालिका, भावाच्या मोबाइलवर मॅच, आणि दार लावून बसता येईल अशी एकच जागा, बाथरूम. तिथेही पाच मिनिटांत बाहेरून हाक. म्हणजे दहाच्या मीटिंगला तुम्ही बसता तेव्हा तुमच्या शेजारचा बोलका सहकारी नुकता कुठे तापू लागलेला असतो आणि तुम्ही अर्ध्याअधिक संपलेल्या असता. तुलना तिथूनच असमान होते.

त्यात आपली चाळीची वळणं. बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली असो की गिरगावातली दोन खोल्यांची जागा, दार दिवसभर उघडं असायचं. दुपारी कोणी ते लोटून घेतलं तर शेजारची मावशी विचारायची, ‘काय गं, बरं नाही का?’ त्या उघड्या दारांनी माणसांना किती आधार दिला ते मी जाणते, अडल्यानडल्याला गॅलरीतलंच माणूस धावून यायचं. पण एकटं बसलेलं माणूस म्हणजे रुसलेलं किंवा आजारी, ही समजूतही तिथूनच आली. घरं बदलली, समजूत राहिली. ‘घुमी’, ‘माणूसघाणी’, ‘एकलकोंडी’ हे शब्द तुमच्यावर येतात ते त्या समजुतीतून.

म्हणून पहिला उपाय बोलण्याचा नाही, शांततेचा आहे. रोज थोडा वेळ आणि आठवड्यातून एकदा मोठा तुकडा, घरच्यांना सांगून, हक्काने घ्यायचा. लोकलमध्ये डोळे मिटून, कानात इअरफोन घालून काहीही न ऐकणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. त्या तेच करत असतात. डब्यातल्या ग्रुपला ‘जाताना गप्पा, येताना झोप’ असं एकदा सांगून टाकलं की कोणी वाईट वाटून घेत नाही. सुट्टीच्या सकाळी तुमच्याच भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला पक्षी बघणारी मंडळी येतात. तासन्‌तास गप्प उभं राहणं तिथे शहाणपणाचं समजलं जातं. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 पासूनचं. काळा घोड्याला डेव्हिड ससून वाचनालय आहे. वाचनालयात एकट्या बसलेल्या बाईला ‘काय झालं?’ असं कोणी विचारत नाही, ही सोय या शहरात मोलाची आहे.

आता बढतीकडे वळू. बोलका माणूस जास्त हुशार का वाटतो? कॅमेरून अँडरसन आणि गॅव्हिन किल्डफ यांचा 2009 मधला एक अभ्यास मी ऑफिसांतल्या कार्यशाळांत नेहमी सांगते. काही गटांना गणिताचे प्रश्न सोडवायला दिले. ठासून बोलणाऱ्यांना गटाने जास्त हुशार मानलं, प्रत्यक्षात त्यांचं गणित इतरांपेक्षा चांगलं नसतानाही. आणि 94 टक्के प्रश्नांना गटाने शेवटी दिलेलं उत्तर कुठलं होतं? जे सर्वांत आधी कोणाच्या तरी तोंडून बाहेर पडलं तेच. तुमच्या मॅनेजरच्या मनात काही काळंबेरं आहे असं समजू नका. जगभर माणसांचं मन असंच घसरतं. आपल्याकडे तर म्हणच आहे, बोलणाऱ्याची मातीही विकते, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. पण यावरून हेही कळतं की मीटिंगमधला पहिला आवाज ही फार मोठी चीज आहे. ती कशी मिळवायची ते पुढे सांगते.

त्याआधी ताकदीचं. एका औषध कंपनीच्या गोदामात काम पाहणारा तरुण माझ्याकडे यायचा (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत). गोदामाच्या तापमानाची नोंदवही महिनाअखेरीला चार जणांच्या हाताखालून जायची, चार सह्या व्हायच्या. याने ती ओळीने वाचली आणि एका शनिवार रात्रीच्या नोंदींवर थांबला: 24.6, 24.6, 24.6, 24.6. त्या रात्री वीज गेली होती आणि जनरेटर उशिरा लागला होता, हे त्याला वॉचमनकडून कळलं होतं, कारण वॉचमनकाकांशी नीट बोलणारा त्या मजल्यावर तोच एक होता. म्हणजे आकडे यंत्राकडे न बघताच भरले गेले होते. सोमवारच्या मीटिंगमध्ये नोंदवहीचा विषय ‘सगळं ओके’ म्हणून उरकला. हा तोंड उघडेपर्यंत पुढची स्लाइड आली होती. त्याने बुधवारी मेल लिहिला. माल तोवर बाहेर पडला होता, तो थांबवून पुन्हा तपासावा लागला.

तुमचा प्रश्न मला या प्रसंगात पूर्ण दिसतो. चौघांनी पाहिलेलं त्याने वाचलं. ज्याच्याशी कोणी बोलत नाही त्याचं त्याने ऐकून घेतलं. दोन वेगळ्या ठिकाणच्या गोष्टी त्याने डोक्यात जोडल्या. टेस्टिंगमध्ये तुम्ही दिवसभर हेच करता, आणि जिथे चूक महाग पडते अशा सगळ्या कामांत, ऑडिटमध्ये, शस्त्रक्रियेच्या तयारीत, संपादनात, कायद्याच्या मसुद्यात, याला पर्याय नाही. पण सोमवार ते बुधवार हे दोन दिवस त्याचं कसब वाया गेलं, कारण ते मांडायला जी फट हवी होती ती मीटिंगने ठेवली नव्हती आणि त्याने मागितली नव्हती. आम्ही पुढे काम केलं ते एवढ्याच गोष्टीवर. आता नोंदवही आदल्या दिवशी सगळ्यांना जाते, शंका लेखी मागवल्या जातात, आणि मीटिंगची सुरुवात त्या शंकांपासून होते. गंमत म्हणजे शंका पाठवणाऱ्यांत आता बोलके लोकही असतात.

लेखी आणि एकट्याने विचार करण्याचा फायदा अंतर्मुखांपुरताच नाही. 1958 मध्ये येलमधल्या संशोधकांनी पाहिलं की एकत्र बसून कल्पना काढणाऱ्या गटापेक्षा, तितक्याच माणसांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पना एकत्र केल्या तर त्या संख्येने जास्त आणि दर्जाने सरस निघतात. नंतरच्या अभ्यासांनी कारण शोधलं: एक बोलत असताना बाकीच्यांना आपला विचार धरून ठेवावा लागतो, आणि तो निसटतो.

आणि नेतृत्व? अ‍ॅडम ग्रँट, फ्रान्सेस्का जीनो आणि डेव्हिड हॉफमन यांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या एका पिझ्झा साखळीची दुकानं अभ्यासली. कर्मचारी फक्त सांगितलेलं काम करणारे असतील तिथे बहिर्मुख मॅनेजरच्या दुकानाला नफा जास्त. पण कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे, पुढाकार घेणारे असतील तिथे चित्र उलटं, अंतर्मुख मॅनेजर वरचढ, कारण तो ऐकतो आणि दुसऱ्याची कल्पना वापरतो. तुमच्या टीममध्ये हुशार, धडपडी मुलं असतील तर ‘नेतृत्वगुण दिसत नाहीत’ हा शेरा नेमका उलटा लागू पडतो.

आपल्या दादर-शिवाजी पार्ककडचं उदाहरण द्यायचं तर अजित वाडेकर. बँकेत नोकरी करणारा, मोजकं बोलणारा माणूस. 1971 मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर कर्णधार झाला, आणि त्याच वर्षी भारताने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोघांच्या घरी मालिका जिंकल्या. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी दिलीप सरदेसाईंचं नाव अनेकांनी सोडून दिलं होतं, वाडेकरांनी त्यांच्यासाठी आग्रह धरला. सरदेसाईंनी त्या मालिकेत 642 धावा केल्या. आरडाओरडा न करता, कोणात काय आहे ते ओळखून त्याच्यामागे उभं राहणं, हे नेतृत्वच आहे.

इथे एक सावधगिरी. अंतर्मुख लोक एकमेकांत ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ म्हणून समाधान करून घेतात. मला ते पटत नाही. बोलकी माणसं उथळ नसतात. अडचणीत पहिला फोन तीच करतात, अनोळखी टीमला तासाभरात जवळ आणतात. आणि दोन्ही टोकं टाळलेली माणसं तर पुष्कळदा सर्वांत यशस्वी ठरतात: ग्रँट यांनीच 2013 मध्ये कॉल सेंटरवरून विक्री करणाऱ्या 340 जणांचा अभ्यास केला, तर सर्वाधिक विक्री मधल्या स्वभावाच्या लोकांची होती.

आता करायचं काय.

मीटिंगच्या आदल्या दिवशी एक छोटा मेल पाठवायला लागा. काहीसा असा: ‘उद्याच्या रिलीजबद्दल एक मुद्दा. अर्धी ऑर्डर रद्द केल्यावर रिफंड किती जातो, हे आपण तपासलेलं नाही. तपासायला दीड दिवस लागेल. रिलीज गुरुवारीच करायचा की शुक्रवारवर न्यायचा, हे उद्या ठरवावं लागेल. मी सुरुवातीला तीन मिनिटांत मांडते.’ या मेलने दोन गोष्टी होतात. मुद्दा तुमच्या नावावर लेखी राहतो, आणि पहिला आवाज तुमचा ठरतो, तोही झगडून नाही. पहिल्या दहा मिनिटांत एक तयार वाक्य बोलून झालं की पुढचा पाऊण तास शांतपणे ऐकलं तरी ‘ही बोलत नाही’ असं कोणाला वाटत नाही. शेवटपर्यंत योग्य क्षणाची वाट बघत बसलं तर तो क्षण येत नाही. मध्येच कोणी विचारलं आणि उत्तर तयार नसेल, तर ‘बघून चार वाजेपर्यंत सांगते’ म्हणा, आणि चारच्या आत खरोखर सांगा. महिना-दोन महिन्यांत लोक तुमच्या उत्तरावर विसंबायला लागतात.

लेखणी ही आपल्यासारख्यांची हक्काची जागा आहे. जी. ए. कुलकर्णी आठवा. धारवाडला इंग्रजी शिकवणारे, सभा-संमेलनांपासून कायम लांब राहिलेले जीए पत्रांत किती मनमोकळे, किती मिश्कील आणि प्रेमळ होते, ते त्यांची प्रसिद्ध झालेली पत्रं वाचणाऱ्याला ठाऊक आहे. ज्यांना प्रत्यक्ष भेटायला ते कचरत, त्यांच्याशी त्यांनी पानंच्या पानं मैत्री केली.

बहिर्मुखपणाचं सोंग मात्र दिवसभर वठवू नका. 2019 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी लोकांना आठवडाभर बहिर्मुखासारखं वागायला सांगितलं. सरासरीने लोकांना बरं वाटलं, पण जे मुळात फार अंतर्मुख होते त्यांना फायदा कमी झाला, शीण आणि खोटेपणाची भावना मात्र वाढली. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ब्रायन लिटल यांचं सूत्र मला जास्त व्यवहारी वाटतं. मनापासून महत्त्वाच्या कामासाठी आपण स्वभावाबाहेर जाऊ शकतो, जावंही, पण नंतर परतायला जागा हवी. ते स्वतः अंतर्मुख, व्याख्यानं मात्र दणदणीत द्यायचे, आणि मग थोडा वेळ सगळ्यांपासून दूर जायचे. तुमचं डेमो-प्रेझेंटेशन असेल त्या दिवशी जेवणाची सुट्टी ग्रुपबरोबर घेऊ नका. तळमजल्यावर एक चक्कर मारून या.

लग्नाचं थोडक्यात. पोह्यांच्या बशीसमोर, दोन्हीकडचे आठ लोक बसलेले असताना तुमचं खरं माणूस दिसणारच नाही, तिथे बोलता आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या भेटीत ‘मला ओळख व्हायला वेळ लागतो, आपण पुन्हा दोघंच भेटू या’ हे एक वाक्य म्हणा आणि दुसरी भेट चालताचालता ठेवा, माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समध्ये किंवा राणीच्या बागेत. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालताना बोलणं सोपं जातं. आणि त्याला एक प्रश्न नक्की विचारा: सुट्टीच्या दिवशी घरी कोणी आलं नाही तर बरं वाटतं का? उत्तर काहीही असो, लग्नाआधी माहीत असलेलं चांगलं.

पुढच्या अप्रेझलपर्यंत दर शुक्रवारी पाच मिनिटं काढून दोन ओळी लिहून ठेवा: या आठवड्यात मी काय पकडलं, त्यामुळे काय वाचलं. सहा महिन्यांनी ते एक पान मॅनेजरला चर्चेच्या आधी पाठवा आणि सरळ विचारा की बढतीसाठी नेमकं काय दिसायला हवं, आणि ते लेखी कामातून दिसलं तर चालेल का. समंजस मॅनेजर यावर जागा करून देतो. दोन अप्रेझल गेली आणि तरीही शेरा ‘बोलत नाही’ एवढाच राहिला, तर टीम बदलून मागा किंवा दुसरीकडे बघा. तिथल्या मुलाखतीत शेवटी ‘काही विचारायचंय?’ असं म्हणतील, तेव्हा विचारा की मीटिंगचा अजेंडा आधी येतो का, आणि निर्णय मीटिंगमध्येच होतात की नंतर लेखी मतं घेतली जातात. सांगताना ते अडखळले तर तिथेही तुमचा दिवस आत्तासारखाच जाईल.